अपूर्ण काम क्रमांक सत्तेचाळीस

मुलीने जाताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या आणि हेडक्लार्कांनी तिन्ही लिहून घेतल्या होत्या. एक, रोज एकदा खेळात शिरायचं. दोन, "हजर" असं लिहायचं. तीन, लगेच बाहेर पडायचं आणि कशालाही हात लावायचा नाही.

यातलं तिसरं कलम हेडक्लार्कांनी नेमकं कितव्या दिवशी मोडलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत. बायकोच्या मते चौथ्या. त्यांच्या स्वतःच्या मते त्यांनी ते मोडलंच नाही. त्यांनी फक्त प्रलंबित कामं निकाली काढली, आणि प्रलंबित काम निकाली काढणं म्हणजे हात लावणं नव्हे, हे कुठल्याही कचेरीत कुणीही सांगेल.

मुलीला हवामान खात्यात नोकरी लागली होती. पहिले सात आठवडे प्रशिक्षण, तेही एका डोंगराच्या टोकावरच्या वेधशाळेत, जिथे वारा भरपूर आणि इंटरनेट नाही. दर रविवारी खाली गावात यायचं, सामान घ्यायचं, घरी फोन करायचा, परत वर जायचं. नोकरीबद्दल तिची काही तक्रार नव्हती. काळजी होती ती खेळाची. गेली तीन वर्षं ती संगणकावर एक खेळ खेळत होती. त्यात डोंगर, किल्ले, राक्षस वगैरे होते आणि जगभरचे लोक एकाच वेळी त्यात हिंडत असत. त्यातल्या वीसजणांची तिची एक टोळी होती, आणि टोळीचा नियम कडक होता. सलग तीन दिवस गैरहजर, की नाव कट.

"म्हणजे हजेरीपटाचं काम आहे," हेडक्लार्क म्हणाले. "मग सोड माझ्यावर. सत्तावीस वर्षं दुसरं काय केलंय?"

ते खरंच होतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या अभिलेख कक्षाचे ते हेडक्लार्क. गावातला प्रत्येक नळ, प्रत्येक वाकडा पाइप आणि प्रत्येक भांडखोर शेजारी त्यांच्याकडे कुठल्या ना कुठल्या फायलीत बांधलेला होता. टेबलामागच्या भिंतीवर 'शून्य प्रलंबितता' असं लिहिलेलं प्रशस्तिपत्रक काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. त्या शून्यामागचं रहस्य म्हणजे टेबलासमोर खुर्ची नव्हती. अकरा वर्षांपूर्वी हेडक्लार्कांनी ती स्वतः उचलायला लावली होती. त्यांचं म्हणणं असं, की खुर्ची असली की माणूस बसतो, बसला की बोलतो, आणि बोलायला लागला की काम वाढतं. उभा माणूस मुद्द्याचं बोलतो आणि लवकर जातो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर ते हातपाय धुऊन, चष्मा पुसून मुलीच्या संगणकासमोर बसले. पडद्यावर एका गावाचा चौक उघडला. मधोमध एक हिरव्या केसांची उंच बाई तलवार घेऊन उभी होती. ही आपली मुलगी, हे पचायला थोडा वेळ गेला. तिच्या मागे पाठीला गाठोडं बांधलेली एक वाकलेली म्हातारी उभी होती. हिरवी हलली की म्हातारीही हलायची.

"आलीस? चल. मला काही घाई नाही हो," म्हातारी म्हणाली.

हेडक्लार्कांनी सवयीने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. गाठोडं घेऊन मागे उभं राहणारं माणूस म्हणजे अर्जदार, आणि अर्जदाराकडे पहिल्याच दिवशी पाहायचं नसतं.

त्यांनी "हजर" असं टाइप केलं. खाली सवयीने "आपली विश्वासू" असंही आलं. टोळीच्या गप्पांच्या चौकटीत सतराजण हसले. मग बाहेर पडायचं बटण शोधताना त्यांच्याकडून दुसरंच दाबलं गेलं आणि हिरवीने तलवार उपसून एका निरपराध धान्यवाल्यावर धरली. धान्यवाला पळाला. शिपाई आले. हिरवी सात मिनिटं कोठडीत होती. हेडक्लार्कांच्या घराण्यात तुरुंगात गेलेलं हे पहिलंच माणूस, आणि तेही त्यांच्या हातून.

"बटणांचा कागद दिला नाही का तिने?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"दिला असता तर ही हिरवी बाई अशी ताटकळत उभी राहिली नसती. बसायचं बटणच सापडत नाहीये."

हे शब्द वरच्या मजल्यावरच्या कंडक्टरने जिन्यातून ऐकले आणि तो आत आला. कंडक्टर बसखात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. एकाच मार्गावर तीस वर्षं उभ्याने गेलेली, त्यामुळे उभं राहणं आणि रस्ते या दोन विषयांवर त्याचा शब्द शेवटचा असे. त्याने कमरेवर हात ठेवून पडदा न्याहाळला.

"उभं राहण्यात काही वाईट नाही," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात बसायला मिळालं की समजायचं, उतरायचा थांबा आला."

तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी हेडक्लार्कांच्या हातून एक कोपरा दाबला गेला आणि पडद्यावर यादी उघडली. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं: अपूर्ण कामे, सत्तेचाळीस.

हेडक्लार्कांना घाम फुटला. सत्तेचाळीस! सत्तावीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एका वेळी नवाच्या वर प्रकरणं गेली नव्हती, आणि पोटच्या पोरीने सत्तेचाळीस माणसांना तोंडभरून हो म्हणून ताटकळत ठेवलं होतं. लोहाराला कोळसा आणून देते म्हणाली होती. पाणक्याची हरवलेली मांजर शोधते म्हणाली होती. एका विधवेचं पत्र दीड वर्षं तिच्या झोळीत पडून होतं. काय लिहिलं असेल बिचारीने त्यात?

दुसऱ्या दिवशी त्यांना जेवणाच्या सुट्टीत डबा गोड लागेना. संध्याकाळी त्यांनी एक कोरी नोंदवही काढली, पट्टीने रेघा मारल्या, आणि रकाने पाडले. अनुक्रमांक, अर्जदार, विषय, केलेली कार्यवाही, शेरा. बायको म्हणाली, "अहो, कशाला हात लावू नका म्हणाली होती ना ती?" हेडक्लार्क म्हणाले, "मी हात कुठे लावतोय? मी नोंद घेतोय."

त्यानंतरचे तीन आठवडे हेडक्लार्कांच्या आयुष्यातले सगळ्यात धामधुमीचे. सकाळी कचेरीपूर्वी पाऊण तास आणि संध्याकाळी दोन तास ते त्या राज्यात हिंडले. त्यांना वाटलं होतं, तिथे शौर्याची कामं असतील. तसं काही नव्हतं. लोहाराकडे जावं तर तो म्हणे, कोळसा आण. कोळसेवाला म्हणे, नाकेदाराची चिठ्ठी आण. नाकेदार म्हणे, आधी माझ्या बहिणीकडून डबा आण. बहीण म्हणे, चुलीला लाकडं नाहीत, लाकूडतोड्याला भेट. लाकूडतोड्या म्हणे, कुऱ्हाडीला धार नाही, लोहाराकडे जा. हेडक्लार्क खुर्चीत मागे रेलले आणि पहिल्यांदाच त्या खेळाबद्दल त्यांच्या मनात आदर निर्माण झाला. ज्याने हे राज्य रचलं होतं त्याने कुठेतरी सरकारी नोकरी नक्की केली होती.

पण ओळखीचं खातं निघालं म्हणून वाट सोपी होत नाही. हिरवीची झोळी उघडून पाहिली तर आत नुसता उकिरडा. हेडक्लार्कांनी एक अख्खा रविवार खर्चून सगळं सामान आद्याक्षराप्रमाणे लावलं आणि जास्तीचं गावच्या कोठारात जमा केलं. त्यात 'त' या अक्षराखाली तलवारही गेली. कोठार उघडतं आठवड्यातून एकदा. त्यामुळे बारा लांडग्यांच्या शेपट्या आणण्याचं काम त्यांना झोळीत उरलेल्या एकमेव टोकदार वस्तूने, म्हणजे आमटी ढवळायच्या पळीने करावं लागलं. पहिल्या लांडग्याने हिरवीला अडीच मिनिटांत लोळवलं. दुसऱ्याने बोलावून आणखी तिघांना आणलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी अवस्था झाली. शेपट्या मिळाल्या तेव्हा हेडक्लार्कांनी त्या तीन प्रतींत द्यायच्या का, असं शिकाऱ्याला विचारलं, पण खेळातल्या माणसांना विचारलेलं कळत नसे. हेही ओळखीचंच होतं.

कंडक्टर आता रोज चहाच्या वेळी येऊन मागे उभा राहत असे. नकाशा बघून तो हिशेबाने थांबे ठरवी. "दलदलीतून जाऊ नका, वेळ खाते. पुलावरून जा. पूल मोडलाय? मग वळसा. आणि पूर्वेला फार आत शिरू नका साहेब, तिकडून परतीचं काही मिळत नाही." त्याच्या सांगण्यावरून हिरवी दोनदा कड्यावरून पडली आणि एकदा बुडाली. प्रत्येक वेळी कंडक्टर म्हणे, "रस्ता बरोबर होता, चालवणाऱ्याचं चुकलं."

टोळीचा म्होरक्याही मधूनमधून डोकावत असे. हा मूळचा दाताचा डॉक्टर. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तो राज्य सांभाळी. "ताई," तो लिही, "हल्ली तुम्ही पळीने का लढता?" हेडक्लार्क उत्तर देत, "कळविण्यात येते की तलवार कोठारात जमा आहे." डॉक्टर बराच वेळ काही लिहीत नसे. बहुधा कुणाची तरी दाढ मध्ये येत असावी.

आणि या सगळ्या भानगडीत ती म्हातारी मागेच होती. कड्यावरून पडलं तरी, बुडालं तरी, कोठडीत गेलं तरी. जरा पळालं की म्हणे, "हळू गं बाई, गुडघे दुखतात." नदी आली की म्हणे, "थंड असेल गं." हिरवी लांडग्यांकडून मार खाऊन उठली की म्हणे, "लागलं का? असू दे. पुन्हा जाऊ." हेडक्लार्कांना ती मध्येमध्ये येते असं वाटे.

यादी वरून खाली, नव्याकडून जुन्याकडे गेली होती. बावीस झाली, तीस झाली, चाळीस झाली. मांजर सापडली. विधवेचं पत्र पोचलं. आणि चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं प्रकरण उरलं. क्रमांक सत्तेचाळीस: आजीला तिच्या घरी पोहोचवा. दाखल झाल्याला तीन वर्षं दोन महिने.

हेडक्लार्कांनी मागे उभ्या म्हातारीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तीन वर्षं दोन महिने! गाठोडं पाठीला बांधून, घरी जायचं म्हणून निघालेली बाई, आणि आपल्या मुलीने तिला किल्ल्यांत, गुहांत, राक्षसांच्या लढायांत फिरवत ठेवली. त्यांना शरम वाटली. घरात वडीलधाऱ्यांशी कसं वागावं हे आपण शिकवलं नाही का?

म्हातारीचं घर पूर्वेच्या अगदी टोकाला. कंडक्टरने कपाळाला हात लावला, पण जबाबदारी टाळली नाही. दोन दिवस ते चालले. दगडी पूल, खारं रान, धुक्यातला घाट. वाटेत म्हातारी तिच्या घराबद्दल बोलत होती. ओट्यावरून डोंगर दिसतो म्हणाली. एक पायरी सैल आहे, जपून म्हणाली. शेवटी घाट उतरल्यावर कौलारू घर आलं. म्हातारीने गाठोडं खाली ठेवलं, त्यातून एक लोकरीची टोपी काढून हिरवीच्या हातात दिली, "पोचले गं," असं म्हणाली आणि ओट्यावर बसली. पडद्यावर अक्षरं उमटली. अपूर्ण कामे, शून्य.

हेडक्लार्कांनी बायकोकडून संगणकासोबत आपला फोटो काढून घेतला. नोंदवही हातात धरून.

रविवारी फोन आला. त्यांचा मुलीशी फोन नेहमी तीन प्रश्नांत संपत असे. जेवलीस का, काम झालं का, काही राहिलंय का. या वेळी त्यांनी तिन्ही बाजूला ठेवले.

"तुझी सगळी कामं निकाली काढली," ते म्हणाले. "सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. शून्य प्रलंबितता!"

"म्हणजे काय, बाबा?"

"लोहार झाला, मांजर झाली, पत्र झालं. आणि त्या आजीला घरी पोचवली. तीन वर्षं, अगं! एखाद्या म्हाताऱ्या बाईला इतकं..."



"आजीला?" मुलगी म्हणाली.

"हो. सुखरूप."

"बाबा, ती एकदा घरी पोचली की परत कुणाबरोबर चालत नाही. मी मुद्दाम ठेवली होती ती. मला माहीत होतं घर कुठे आहे. पहिल्याच महिन्यात माहीत होतं."

"पण काम अपूर्ण..."

"ती माझ्याशी बोलायची, बाबा. मी हरले की म्हणायची, असू दे, पुन्हा जाऊ. परीक्षेत नापास झाले तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'किती विषय राहिले?' एवढंच." तिचा आवाज फाटला. "तुमच्याकडे मी पण एक फाइलच आहे. आईला द्या फोन."

हेडक्लार्कांनी फोन बायकोला दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.  त्यांना आठवलं, ते खरंच तेवढंच म्हणाले होते. संध्याकाळी त्यांनी खेळात शिरायला पाहिलं तर मुलीने गावातूनच परवलीचा शब्द बदलला होता. त्यापुढचे दोन रविवार तिचा फोन फक्त आईला आला.

चूक झाली की ती दुरुस्त करण्याचा मार्ग हेडक्लार्कांना एकच माहीत होता. अर्ज. त्यांनी खेळाच्या कंपनीच्या तक्रार विभागाला पावणेदोन पानी अर्ज लिहिला. विषय: चुकीने बंद झालेले प्रकरण क्रमांक सत्तेचाळीस पुन्हा उघडणेबाबत. सोबत नोंदवहीची प्रत, आजीचं वर्णन, आणि कृपेची विनंती. पाच मिनिटांत उत्तर आलं: "आपला अर्ज मिळाला. आपली विनंती विचाराधीन आहे."

ते वाक्य हेडक्लार्कांनी उभ्या आयुष्यात काही हजार वेळा लिहिलं असेल. वाचलं मात्र पहिल्यांदाच. त्याचा अर्थ काय होतो हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं, आणि आता वाचणाराही तोच होता. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. उत्तर आलं, योग्य विभागाकडे वर्ग केलं आहे. दुसरं स्मरणपत्र. उत्तर आलं, कृपया खेळाबद्दलचं समाधान पाच तारे देऊन कळवा. तिसऱ्या स्मरणपत्राला उत्तर आलं, की आपलं प्रकरण निकाली काढण्यात आलं आहे.

"निकाली काढलं म्हणजे? काय केलं त्यांनी?" बायकोने विचारलं.

"काही नाही," हेडक्लार्क म्हणाले. "काही न करता निकाली काढता येतं. मला येतं ते."

दुसऱ्या दिवशी कचेरीत एक बाई गल्लीतल्या जुन्या पाइपांचा नकाशा मागायला आली. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर चौथ्यांदा आल्याचा थकवा. ती टेबलासमोर उभी राहिली आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत बोलू लागली. हेडक्लार्क तिच्या पिशवीकडे पाहत राहिले. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि खुर्ची आणायला सांगितली.

शिपाई म्हातारा होता, निवृत्तीला दोन महिने उरलेला. त्याने कान पुढे केला. "कुणाला?"

"बाईंना बसायला."

"साहेब, ती खुर्ची तुम्हीच नोंदीतून काढून निर्लेखित केली होती. अकरा वर्षांपूर्वी. कागद आहे." कागद खरोखरच होता, आणि तो हेडक्लार्कांच्याच सहीने उत्तम बांधून ठेवलेला होता. खुर्ची मात्र पाण्याच्या पिंपाखाली होती, कारण पिंपाच्या तिवईचं मागणीपत्र आठ वर्षं विचाराधीन होतं. पिंप उतरवायचं तर रिकामं करावं लागणार, आणि रिकामं केलं तर दुपारी कचेरीला पाणी नाही. पाणीपुरवठा कार्यालयाला पाणी नाही, हे बाहेर कळलं असतं तर शोभलं नसतं. शेवटी हेडक्लार्क स्वतः उठले आणि त्यांनी आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून बाईंपुढे ठेवली. नकाशा शोधून देईपर्यंत ते उभे होते. बाई गेल्यावर शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाही का?"

संध्याकाळी ते जिना चढून कंडक्टरकडे गेले. कंडक्टरच्या मुलाने परदेशातून तोंड दिसावं म्हणून त्याला संगणक घेऊन दिला होता आणि कंडक्टर त्यावर फक्त बसची जुनी वेळापत्रकं पाहत असे.

"मला त्या राज्यात जायचंय," हेडक्लार्क म्हणाले. "माझ्या स्वतःच्या नावाने."

मुलीचा संगणक खाली होताच. पण तिच्या परवानगीशिवाय त्याच्यासमोर बसायचं धाडस त्यांना झालं नाही. खेळाने नाव विचारलं. त्यांनी 'हेडक्लार्क, अभिलेख कक्ष' असं लिहिलं. नाव फार लांब आहे, असं उत्तर आलं. मग नुसतं 'हेडक्लार्क' राहिलं. नवीन येणाऱ्याला मिळतो तसा एक ठेंगणा माणूस मिळाला. अंगात मळखाऊ सदरा, हातात काठी, पायांत काही नाही.

चौकात पहिलं काम त्यांनी केलं ते डॉक्टरला शोधण्याचं. त्यांनी सगळा प्रकार जसाच्या तसा सांगितला आणि शेवटी मुलीच्या वतीने तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला.

"मंजूर," डॉक्टरने लिहिलं. "अहो, हे सुरुवातीलाच मागितलं असतं तर सातही आठवडे रजा दिली असती. अर्ज करायचा नुसता."

हेडक्लार्कांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. सत्तावीस वर्षं लोकांना अर्ज करायला लावणाऱ्या माणसाला स्वतःचा अर्ज सुचला नव्हता. कंडक्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजीचं काही करता येईल का?" त्यांनी लिहिलं.

"परत चालवता येत नाही. पण ती कुठे गेलेली नाहीये. पूर्वेच्या टोकाला ओट्यावर बसलेली असते. कुणीही गेलं तर दिसते. पण कुणी जात नाही. तिथे मिळत काहीच नाही ना."

दुसऱ्या दिवसापासून हेडक्लार्क पूर्वेला निघाले. हिरवीचं बळ तीन वर्षांत कमावलेलं होतं. ठेंगण्याकडे काठी होती. दगडी पुलावर त्याला एका बेडकाने मारलं. खाऱ्या रानात डासांनी मारलं. धुक्याच्या घाटात कशाने मारलं ते दिसलंच नाही. दर वेळी चौकातून पुन्हा सुरुवात. पहिल्या आठवड्यात एकवीस मरणं झाली, नोंदवहीत कारणासह लिहिलेली. कंडक्टर आता उभ्याउभ्याच शिट्टी फुंकल्यासारखा ओरडत असे. "थांबा! बेडूक जाऊ द्या! आता चला!" हेडक्लार्क पडले की मात्र त्याच्या तोंडून चालवणाऱ्याची चूक निघत नसे. एकदा तर तो म्हणाला, "असू द्या साहेब. पुन्हा जाऊ."

तेहतिसाव्या खेपेला ते पोचले. ओट्यावर म्हातारी बसली होती.

"आलास? बस. मला काही घाई नाही," ती म्हणाली.

हेडक्लार्कांना बसायचं होतं. त्यांनी तीन-चार बटणं दाबली. ठेंगणा उडाला, नाचला, काठी उगारून म्हातारीला घाबरवू लागला. तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि त्याला तिथेच पायरीशी उभा करून ठेवला. त्यानंतर रोज संध्याकाळी ते येऊन तिथे उभे राहत. म्हातारीकडे बोलायला आठच वाक्यं होती. हेडक्लार्कांची आठही पाठ झाली. घरी त्यांच्याकडे तीन होती.

प्रशिक्षण संपलं आणि शुक्रवारी दुपारी मुलगी घरी आली. ती उन्हाने काळवंडली होती. हेडक्लार्कांनी दार उघडलं. तोंडापर्यंत आलेलं "काम झालं का" त्यांनी गिळलं, पण त्याच्या जागी दुसरं काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी तिची बॅग उचलली. ती जेवली, आईशी बोलली, आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. हेडक्लार्क थोडा वेळ त्या दारासमोर उभे राहिले. मग जिना चढून वर गेले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

ते पायरीशी नेहमीप्रमाणे उभे होते. कंडक्टर मागे उभा होता. तेवढ्यात घाटावरून काहीतरी हिरवं पळत येताना दिसलं.

"आली," कंडक्टर म्हणाला. त्याने आवाज उगाचच खाली आणला होता.

हिरवी अंगणात येऊन थांबली. डोक्यावर लोकरीची टोपी होती. ठेंगण्याच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत होतं, त्यामुळे ओळख सांगायची गरज नव्हती. तरीही हेडक्लार्कांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं.

"हजर."

 खालच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"कधीपासून येताय इथे?" पडद्यावर आलं.

"सहा दिवस. कचेरीची वेळ सोडून."

"काठी घेऊन? तो घाट तुम्ही काठीने ओलांडलात?"

"बत्तीस वेळा मेलो. नोंद आहे."

 हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि आयुष्यात कधी कुठल्या अर्जदाराला लिहिलं नव्हतं ते लिहिलं. "माझं चुकलं. तुला विचारायला हवं होतं. परीक्षेच्या वेळीही."

"बाबा," पडद्यावर आलं. मग, "उभे का आहात?"

"बसायचं बटण सापडलं नाही."

खालून हसण्याचा आवाज आला, किंवा रडण्याचा. मधल्या छतातून नीट कळत नव्हतं.

"एक्स दाबा, बाबा."

हेडक्लार्कांनी एक्स दाबलं. ठेंगणा वळला आणि पायरीवर टेकला. पायरी जराशी हलली, सैल होती ती. हिरवी पुढे आली आणि त्याच्या शेजारी बसली. वर ओट्यावर म्हातारी होती. समोर डोंगर दिसत होता, ती म्हणाली होती तसाच.

"आता पुढे काय करायचं असतं?" थोड्या वेळाने कंडक्टरने विचारलं. तो अजून उभाच होता.

"काही नाही," हेडक्लार्क म्हणाले. "तुम्हीही बसा."

कंडक्टरने इकडेतिकडे पाहिलं आणि पलंगाच्या कडेवर बसला. हेडक्लार्कांनी नोंदवही ओढली, शेवटच्या रेघेखाली नवी रेघ मारली आणि अनुक्रमांक अठ्ठेचाळीस घातला. विषय: मुलीबरोबर बसणे. केलेली कार्यवाही: सुरू. शेऱ्याच्या रकान्यापाशी त्यांचा हात थोडा थांबला. मग त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, प्रलंबित ठेवावे, आणि खाली सही केली.